दोन कुलपांचं झाकण

शुक्रवारी संध्याकाळी विहारासमोरच्या सभेत मी उभी राहिले आणि बोलून बसले, "रविवारपर्यंत थांबा. मी पाइपाच्या मागेमागे नदीपर्यंत जाऊन येते. पाणी कुठे अडलंय ते डोळ्यांनी बघून येते."

मग मागून आवाज आला, "बी.ए. मॅडम ट्रिपला निघाल्या!" आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण समोर माझा भाऊ सिद्धू बसला होता आणि तो हसत नव्हता.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या टोकाला, वालधुनी नाल्याच्या काठावर आमची वस्ती आहे. पलीकडे थोडं चाललं की अंबरनाथ लागतं. नेमकं कुठे एक शहर संपतं आणि दुसरं सुरू होतं, हे वस्तीतल्या जुन्या माणसांनाही सांगता येत नाही. मे महिना लागल्यापासून आमच्या सार्वजनिक नळाची धार करंगळीएवढी झाली होती. अर्ध्या वस्तीचे हंडे भरायच्या आत नळ सुस्कारा टाकून बंद पडायचा. पोरांनी ठरवलं होतं, नाल्याकडेने जो मोठा पाइप जातो त्याला भोक पाडायचं आणि आपली लाइन जोडायची. ड्रिल मशीन होतं फक्त सिद्धूकडे. तो लेथच्या कारखान्यात कामाला आहे.

आणि त्याच सिद्धूचं नाव एका सरकारी कारखान्याच्या भरतीत लागलं होतं. पोलिसांची चौकशी तेवढी बाकी होती. पाइप फोडल्याची केस अंगावर आली की नोकरी गेली, हे आमच्या घरात प्रत्येकाला कळत होतं. कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. सभेत सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे असताना तो तरी मागे कसा हटणार? बाबा रंगाच्या कारखान्यातून येऊन कोपऱ्यात गप्प बसले होते.

"रविवारी दिवे लागेपर्यंत," सिद्धू मला म्हणाला. "त्यानंतर मी कुणाचं ऐकणार नाही, ताई."

महाडच्या तळ्याची गोष्ट ऐकत मी मोठी झाले. पाणी हक्काचं असतं, हे मला पाठ होतं. तो हक्क कुठल्या टेबलावर जाऊन मागायचा, हे मात्र कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवार: कॅम्प पाच ते अंबरनाथ

एकटी जाणार होते, पण सकाळी दारात लाजवंती दादी उभ्या. सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. वस्तीला लागूनच त्यांचं घर आहे आणि त्या पापड लाटून विकतात. नळ आटला की त्यांचं पीठही भिजत नाही. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक छोटी पुरचुंडी.

"त्यात काय आहे?"

"अखो. तांदूळ नि साखर. नदीला वाहायचं. बेटी, पाणी मागायला जाते ना तू? मग खाली हात कशी जाते?"

तुम्हाला कधी या वाटेने जायचं असेल तर निघण्याआधी कॅम्पातल्या कुठल्याही गाडीवर दाल-पकवान खाऊन घ्या. कुरकुरीत पकवान, वर हरभऱ्याची डाळ आणि चिंचेची चटणी. दुपारपर्यंत भूक लागत नाही. पाणी मात्र घरून न्या. ऐन उन्हाळ्यात गाडीवाल्याकडे ग्लास मागितला तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग पिंपाकडे.

पाइप शोधावा लागत नाही. कमरेएवढ्या उंचीचा, काळा, सिमेंटच्या ठोकळ्यांवरून तो नाल्याच्या काठाकाठाने जातो. नाल्याचं पाणी त्या दिवशी निळं होतं. कापड धुणारे कारखाने वर कुठला रंग सोडतात त्यावर नाल्याचा रंग ठरतो. एका अंगाला निळं पाणी वाहतंय, दुसऱ्या अंगाला बंद पाइपातून पिण्याचं पाणी वाहतंय, आणि मधून आम्ही दोघी कोरड्या घशाने चाललोय. दादी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आमच्या सिंधमध्ये दरियाला, म्हणजे नदीला, पाय लावायच्या आधी हात जोडायचे. इथे नाक दाबते मी."

शहराची हद्द संपते असं लोक म्हणतात तिथे एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्यासमोर पाइपाला फाटा फुटतो आणि फाट्यावर जमिनीत लोखंडी झाकण आहे. मी वाकून पाहिलं. झाकणाला दोन कड्या, दोन्ही कड्यांना दोन वेगवेगळी कुलपं.

"काय बघताय, बाई?" दुकानाचे मालक पंक्चर काढता काढता म्हणाले. त्यांचं नाव गुरुनाथ. "एक कुलूप इकडच्या खात्याचं, एक तिकडच्या. दोन शहरांच्या पालिका वेगळ्या झाल्या तेव्हा एकाने लावलं. आठवड्याने दुसऱ्याने येऊन आपलं लावलं. तेव्हापासून उघडलेलं नाही."

"आत काय आहे?"

"व्हॉल्व्ह. तुमच्या वस्तीचा."

ज्याच्यासाठी आमची पोरं पाइप फोडायला निघाली होती तो व्हॉल्व्ह घरापासून हाकेच्या अंतरावर, दोन कुलपांखाली पडून होता.

दादींचं लक्ष मात्र झाकणाशेजारच्या अळवावर गेलं. सुपाएवढी हिरवीगार पानं.

"घेऊ का भाऊ दोन-चार? हिच्या मावशीकडे मुक्काम आहे."

"घ्या की. आपोआप आलंय ते. आमची मंडळी दर आठवड्याला वड्या करते, तरी संपत नाही."

दादींनी पानं खुडून पिशवीत घातली. मी वैतागले होते. आम्ही काय भाजी आणायला निघालो होतो?

वाटेत अंबरनाथचं जुनं शिवालय लागतं. ते चुकवू नका. काळ्या दगडावर इंचभर जागा नक्षीवाचून सोडलेली नाही, आणि गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. दादी उतरल्या. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आमच्या घरात देवळात जात नाहीत. पण त्या दगडाचा गारवा पाठीला लागला आणि थोडा वेळ तरी सिद्धूचं ड्रिल डोक्यातून गेलं.

पुढे अंबरनाथच्या पाणी खात्याचं ऑफिस. जाणार असाल तर शनिवार कुठला आहे ते आधी पाहून घ्या. दुसरा किंवा चौथा असेल तर फाटकाचंच दर्शन होतं. आम्हाला साहेब भेटले. शिपायाने पाण्याचा एकच ग्लास आणला. आम्ही दोघी अर्धा-अर्धा प्यायलो.

"तुमची वस्ती उल्हासनगरात येते," साहेब म्हणाले.

"तिथले म्हणतात अंबरनाथात येते."

"बरं. मतदान कुठे करता?"

"इकडे."

"आणि रेशन?"

शहरं वेगळी होताना दोन्हीकडचे लोक नावं लिहून घ्यायला वस्तीत आले होते. आमच्या जाणत्या माणसांनी विचार केला, दोन दारं असली तर एक बंद झालं तरी दुसरं उघडं राहील. म्हणून मतदार यादीत नावं एकीकडे घातली आणि रेशनकार्डं दुसरीकडे काढली. तेव्हा वस्तीत सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"तिकडे," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "बाई, नदीवरून प्रत्येक शहराला पाण्याचा वाटा ठरवून मिळतो, माणसं मोजून. तुम्हाला आम्ही त्यांच्यात धरलं, त्यांनी आमच्यात धरलं. तुम्ही कुणाच्याच वाट्यात नाही. त्या झाकणाची किल्ली आहे माझ्याकडे. पण मी कुलूप उघडलं की वस्ती माझी झाली. मग तुमचं पाणी माझ्या वाट्यातून जाणार. आणि माझ्या शहरात परवाच बायका रिकामे हंडे घेऊन याच खोलीत बसल्या होत्या."

"मग आम्ही काय करायचं?"

"वर बदलापूरच्या बंधाऱ्यावर विचारा. वाटे तिथून ठरतात."

बाहेर आल्यावर दादी म्हणाल्या, "माणूस वाईट नाय. घाबरलाय."

शनिवार दुपार ते रात्र: कात्रप आणि मांजर्ली

अंबरनाथहून बदलापूरला टेम्पो मिळतो. बारा माणसं भरली की सुटतो. भाडं चढण्याआधी विचारा, नाहीतर पाहुणे दिसलात की वाढतं. पाइप रस्त्याच्या कडेने येतो, मध्येच झाडीत जातो, पुन्हा दिसतो. मी खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून बसले होते, तो पळून जाणार असल्यासारखी.

बदलापूरच्या पूर्वेला, कात्रपला उतरलो. नव्या इमारतींची रांगच रांग. एका इमारतीवर मोठी पाटी: 'चोवीस तास पाणी'. पाटीखाली टँकर उभा होता, आणि टँकरभोवती साड्या खोचलेल्या बायका. मी एकीला विचारलं, "चोवीस तास पाणी येतं ना इथे?"

"येतं की," ती बादली सरकवत म्हणाली, "पाटीवर."

रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला मांजर्लीत गेलो. तिथे माझी यशोदामावशी राहते. घरामागे थोडं चाललं की उल्हास नदी. पावसाळ्यात हीच नदी मावशीच्या उंबऱ्याच्या आत येते. आणि मे महिन्यात मावशीच्या दारातही ड्रमच उभे.

"नदी दिसते, नळ दिसत नाही," मावशी म्हणाली.

शेजारची एक आजी ओट्यावर बसली होती. आम्ही कुठून आलो ते ऐकून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उल्हासनगरची? आता घरात येऊन मागाया लागली का? नदी आमची, न पानी तुमचा! ह्यो कुठला न्याय गो?"

"आजी, आमच्या नळालाही नाही हो पाणी."

"मंग जातं कुठं? खाली तुमी म्हनता वरचे पितात, वर आमी म्हनतो खालचे पितात. मासे पितात का सगला?"

दादी खो-खो हसल्या. आजीही हसली. मला हसू येत नव्हतं. सकाळपासून ज्यांना ज्यांना भेटले त्या प्रत्येकाची तहान खरी होती आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे होतं.

दादींनी चूल ताब्यात घेतली. अळू चिरताना मावशी म्हणाली, "इतकं कोवळं अळू, तेही या दिवसांत? आमच्या परसातलं कधीच करपून गेलं. कुठून आणलंत?"

"रस्त्यावरून," मी तुटकपणे म्हटलं. माझं डोकं दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळकडे लागलं होतं. हात धुवायला मावशीने तांब्यातलं पाणी अंदाजाने, बेताबेताने ओतलं. पाहुणीलाही बेताने पाणी द्यावं लागतं याची तिला लाज वाटत होती. ते मला त्या आजीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रविवार: बंधारा

सकाळी लवकर निघा. ऊन चढलं की नदीकाठचे दगड पायाला चटके देतात. बंधाऱ्याच्या वर पाणी भरलेलं, शांत, हिरवट. खाली दगड उघडे पडलेले. पंपघराचा घुमणारा आवाज लांबून ऐकू येतो.

एक पंप बंद पडला होता म्हणून तिथले इंजिनिअर सुट्टीच्या दिवशीही आले होते. हातांना ग्रीस लागलेलं. मी एका दमात सगळं सांगितलं: वस्ती, दोन कुलपं, वाटे, सिद्धूचं ड्रिलसुद्धा.

"ते शेवटचं मी ऐकलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे बघा ताई, इथून पाणी पुरतं सुटतं. कारखान्यांचा वाटा वेगळा, शहरांचा वेगळा. वाटा बदलायचा तर वरून मंजुरी लागते. तुमच्या वस्तीला कुठल्या तरी एका शहरात घाला म्हणून दोन्ही शहरांनी ठराव करायचे, मग फाइल वर जाणार, मग खाली येणार. तोवर पाऊस येईल आणि सगळे विसरतील. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच."

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"व्हॉल्व्ह उघडा असं मी कुणाला सांगू शकत नाही. ती वाटणी झाली. पाइप गळत असता तर गोष्ट वेगळी होती. दुरुस्ती म्हणजे वाटणी नव्हे. गळतीत दोघांचंही पाणी जातं, त्यामुळे दोघांनाही यावं लागतं आणि त्यात वस्ती कुणाची हा प्रश्न निघत नाही. पण तुमच्याकडे गळती नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

दादी पाण्याशी गेल्या होत्या. पुरचुंडी सोडून त्यांनी तांदूळ-साखर नदीत सोडली, पदर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. रडू येत होतं. समोरचा सगळा काठ उन्हाने पिवळा पडला होता. फक्त पाणी जिथे झिरपत होतं तिथे हिरवं होतं. रानअळवाचा एक पट्टा, थेट पाण्याच्या कडेने. त्याच्या हातभर वर गवताची काडीसुद्धा नाही.

मावशीचा प्रश्न कानात वाजला. या दिवसांत इतकं कोवळं अळू कुठून आणलंत?

"दादी!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांचा पाय घसरता घसरता राहिला. "ते अळू! त्या दुकानासमोर नळ नाही, विहीर नाही. त्याला पाणी कोण घालतं?"

दादींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे. "बघ," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं ना, खाली हात नाय जायचं."

इंजिनिअर पंपाकडे वळले होते. मी पळत जाऊन त्यांना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी हात पुसले. "दोन्ही ऑफिसांना मी फोन करतो. उद्या सकाळी माणसं येतील. पण त्याआधी पाइपाला कुणी हात लावला, तर ती गळती राहणार नाही. ती तोडफोड होईल. कळलं ना?"

परतीला टेम्पो मिळेना. रविवार, त्यात लग्नाची तिथी. प्रत्येक गाडी वऱ्हाडाने भरलेली. आम्ही रस्त्यावर उभ्या, सूर्य कलत चाललेला, आणि मला डोळ्यांसमोर फक्त सिद्धूचा हात दिसत होता, ड्रिलच्या मुठीवर. शेवटी एका वऱ्हाडाच्या टेम्पोत दादींनी नवरदेवाच्या आईशी गोड बोलून दोघींसाठी जागा काढली. अंबरनाथपर्यंत मी मांडीवर आहेराची भांडी घेऊन बसले होते.

अंबरनाथहून पायीच पळत सुटलो. गुरुनाथभाऊंच्या दुकानाजवळ पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. आणि पाइपाशेजारी आमची पोरं उभी होती. दुकानातून वायर ओढलेली. ड्रिल सिद्धूच्या हातात.

"वेळ संपली, ताई."

"एकदा इकडे ये. मग काय करायचं ते कर."

मी अळवात बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागले. वरची माती दमट होती, खाली चिखल, त्याखाली पाणी. स्वच्छ पाणी, खड्ड्यात हळूहळू भरत येणारं. सगळे वाकून बघत राहिले.

"आयला," एक पोरगा म्हणाला. "आपण हंडे घेऊन मरतोय नि हे इथे पानं पोसतंय!"

"मग इथेच फोडू," दुसरा म्हणाला. "मशीन चालू कर रे सिद्धू."

मी उठले नाही. चिखलाचे हात घेऊन तिथेच बसून राहिले. "गळती आहे म्हणून उद्या दोन्ही किल्ल्या येणार आहेत. तू फोडलंस तर फक्त पोलीस येतील. आणि तुझ्याकडेच येतील."

"उद्या कुणी आलंच नाही तर?"

"तर उद्या मशीनचं बटण मी दाबीन."

हे मी खरंच म्हणाले. आजही सांगता येत नाही, मी ते केलं असतं का. सिद्धूने वायर काढली, गुंडाळली आणि ड्रिल गुरुनाथभाऊंच्या हातात दिलं. "ठेवा तुमच्याकडे. माझ्याकडे राहिलं तर माझाच माझ्यावर भरवसा नाही."

सोमवार

माणसं आली. एक इकडून, एक तिकडून, आपापली किल्ली घेऊन. आणि झाकणापाशी येऊन दोघं उभे राहिले.

"लावा की तुम्ही."

"नाही नाही, आधी तुम्ही."

"आमच्या साहेबांनी सांगितलंय, आधी त्यांना उघडू दे."

"आमच्या साहेबांनीपण तेच सांगितलंय."

अख्खी वस्ती भोवती जमली होती. हंडे लावून ठेवलेले. मग सिद्धू म्हणाला, "अहो, लग्नात हार घालतात तसं करा. एकदम घाला दोघांनी."

पहिल्यांदा दादी हसल्या, मग सगळेच. ती दोन माणसंही हसली आणि त्यांनी दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या. गंजलेलं झाकण उचलायला सिद्धूने पहारीने मदत केली. आत खड्डाभर पाणी साचलं होतं. सांध्याचं पॅकिंग कुजलेलं, व्हॉल्व्ह जवळजवळ बंद आणि अडकलेला. सांधा बदलला, व्हॉल्व्हला तेल पाजलं आणि तो चालतो का बघण्यासाठी त्यांनी तो उघडला. उघडल्यावर परत बंद करा असं कुणी कुणाला म्हणालं नाही. मग झाकण बसलं आणि दोन्ही कुलपं पुन्हा लागली.

आमच्या नळाला मनगटाएवढी धार आली. आईने पहिला हंडा भरला आणि त्यात हात बुडवून नुसती उभी राहिली.

आता महिना होत आला. या सहलीतून काय उरलं असं कुणी विचारलं तर मला सरळ उत्तर देता येत नाही. आम्ही अजून कुणाच्याच वाट्यात नाही. जे पाणी आम्ही भरतो ते कागदावर दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि त्यांची धार आमच्यामुळे किती बारीक झाली हे मला माहीत नाही. हंडा उचलताना मांजर्लीची आजी आठवते. सिद्धूच्या चौकशीला पोलीस येऊन गेले. वस्तीत चार जणांना विचारलं, चहा प्यायले, गेले. नेमणुकीचं अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी विहारासमोर पुन्हा सभा झाली. दोनपैकी एका ठिकाणची नावं काढून टाकायची का, यावर. म्हातारी माणसं तयार नव्हती. रेशन सोडवत नाही, मतही सोडवत नाही. तेव्हा बाबा उभे राहिले. मी त्यांना सभेत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "दोन घरांत जेवण सांगून ठेवलेल्या माणसाचं ताट कुठेच मांडत नाहीत," ते म्हणाले आणि खाली बसले. ठरलं अजून काहीच नाही. पण त्या दिवशी कुणी उठूनही गेलं नाही.

सभेनंतर सिद्धू आपलं ड्रिल आणायला गुरुनाथभाऊंकडे गेला, मीही सोबत गेले. झाकणाशेजारचं अळू पार माना टाकून पडलं होतं.

"तुमचा नळ चालला नि आमच्या वड्या बंद झाल्या," गुरुनाथभाऊ म्हणाले. ते चिडले नव्हते, पण गमतीतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना सिद्धूने सायकलच्या हँडलला एक बादली अडकवली. आईने भांडी विसळलेलं पाणी. मी दारातून बघत होते. बादली हिंदकळत होती आणि एरवी सुसाट जाणारा माझा भाऊ, एकही थेंब सांडू नये म्हणून, जपून जपून पायडल मारत चालला होता.